सूचक तेच, अनुमोदक तेच

प्रति,
समन्वय समिती, जिल्ह्यातील जनसंघटना
(आणि अशा समित्या जिथे जिथे असतील, तिथली सगळी जुनी खोडं)

सप्रेम जिंदाबाद.

तुमचं परिपत्रक मिळालं. 'युवा नेतृत्व विकास शिबिर', दोन दिवस, राहण्याजेवणाची सोय, येताना अंथरूण-पांघरूण आणावे. सोबतची कार्यक्रमपत्रिका मी चष्मा पुसून दोनदा वाचली. उद्घाटन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, बीजभाषण, चहा, मग 'चळवळीचा इतिहास', 'संविधानापुढील आव्हाने', 'माध्यमे आणि आपण'. दुसऱ्या दिवशी आणखी पाच. एकूण नऊ भाषणं. वक्त्यांत पंचावन्नच्या आतलं कुणी नाही, आणि त्यात मीही आहे. 'संघटनबांधणी : अनुभवाचे बोल' या नावाखाली माझी पाऊण तासाची सोय लावली आहे. ज्यांच्यासाठी शिबिर आहे त्या तरुणांची नावं पत्रिकेत शोधली. सापडली. दोन्ही दिवशी सगळ्यात शेवटी, आभारप्रदर्शनात.

परिपत्रकाच्या तळाशी 'सूचना असल्यास कळवाव्यात' असं छापलंय. हे पत्र म्हणजे माझी सूचना. ती खुली अशासाठी की बंद पाकिटातून आलेल्या सूचनांचं काय होतं, ते चिटणीस या नात्यानं मला चांगलं ठाऊक आहे.

शिबिर पुढे ढकला. आधी आपली महिन्याची बैठक दुरुस्त करू. 'तरुण येत नाहीत' असं आपण दर बैठकीत म्हणतो. येतात हो. येतात, बघतात आणि परत येत नाहीत. ते काय बघून जातात, ते एकदा लिहून काढायला हवं.

मागच्या महिन्याची बैठक आठवा. वेळ साडेदहाची. मी दहा वीसला पोचले तेव्हा सभागृहात सतरंज्या अंथरणारी दोन मुलं होती आणि आमच्या घरकामगार संघटनेची एक मुलगी. आई घरकाम करते, ही एका कपड्यांच्या दुकानात कामाला. अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन आली होती. तिच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत. जन्मभर भांडी घासलेली बोटं ती, रेषा राहणार कुठून? त्यांचं धान्य अडलं होतं आणि ही पोरगी घरोघर फिरून नावांची यादी करून घेऊन आली होती. अकरा वाजता कुणीतरी म्हणालं, 'निघालेत, वाटेत आहेत.' पावणेबाराला सुरुवात झाली. म्हणजे वेळेवर आलेल्यांना सव्वा तास शिक्षा आणि उशिरा आलेल्यांना पुढची खुर्ची. मग श्रद्धांजली. मग मागच्या इतिवृत्ताचं वाचन. मग राजकीय परिस्थितीचा आढावा. तो चौघांनी घेतला, चौघांनीही 'मी थोडक्यातच बोलतो' असं म्हणून. रेशन पत्रिकेवर सहावं होतं. दीडला तिची बस. ती उठली, यादी माझ्या हातात दिली आणि गेली. विषय 'आयत्या वेळच्या विषयांत' टाकला गेला. आयती वेळ काही आली नाही.

वहीत काय लिहिलं गेलं ते मला तोंडपाठ आहे, कारण लिहिणारी मीच. 'रेशनच्या प्रश्नावर साधकबाधक चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.' खाली सूचक, अनुमोदक. साधक नाही आणि बाधक नाही, कसलीच चर्चा झाली नव्हती. योग्य ती कार्यवाही म्हणजे कुठली, ती कुणी करायची, कोणत्या तारखेपर्यंत, काही नाही. आणि 'सर्व' म्हणजे त्या वेळी उरलेले अकराजण, त्यातले दोघे फोनवर.

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. पानोपानी तेच वाक्य. विषय बदलला, सरकार बदललं, वहीचा रंग बदलला, वाक्य तेच. सूचक तेच, अनुमोदक तेच. मधल्या काळात दोघे वारले, म्हणून दोन नावं बदलली.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला निघालीय. तर आधी माझं ऐका.

आमची संघटना घरकामगार बायकांची. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी आपणहून संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. ते वारं आमच्या गावापर्यंत यायला पुष्कळ वर्षं गेली. २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणीचे अर्ज निघाले आणि बायका अर्ज घेऊन माझ्या दारात यायला लागल्या. अर्ज भरता भरता मी चिटणीस झाले, आणि चिटणीस झाल्यावर अर्जच भरत राहिले. वही माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे, पावतीपुस्तक माझ्याकडे, कचेरीतल्या साहेबांचे फोननंबर माझ्या डायरीत. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने घराबाहेर पडता आलं नाही. त्या तीन महिन्यांत आमच्या संघटनेची एकही बैठक झाली नाही. बायका भेटायला यायच्या, डाळिंबं आणायच्या, म्हणायच्या, 'ताई, तुमच्याशिवाय पान हलत नाही.' खोटं कशाला बोलू, दोन दिवस फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी छातीत धस्स झालं. चारशेवर बायकांची संघटना, आणि ती माझ्या एका गुडघ्यावर उभी.

मी बांधली ती संघटना नव्हती, माझं दुकान होतं. चांगलं चालणारं, प्रामाणिक, पण दुकानच. गिऱ्हाईक यायचं, माल न्यायचं.

अंथरुणात पडल्या पडल्या मला आई फार आठवली. १९७२ साली आम्ही गोरेगावला चाळीत राहायचो. मी आठवीत. दुष्काळ पडलेला, तेल-साखर-रॉकेल मिळेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. लाटण्यांचे मोर्चे, थाळ्यांचा नाद हे सगळ्यांना आठवतं, फोटो निघाले ना त्याचे. मला आठवते ती आमच्या जिन्यातली गोष्ट. माझी आई तिसरी शिकलेली, परक्या माणसासमोर पदर सारखा करण्यातच तिचा वेळ जायचा. एक कार्यकर्ती दुपारी घरी आली, पाणी प्यायली आणि आईला म्हणाली, 'वहिनी, तुमच्या मजल्यावरच्या बायका तुम्ही आणायच्या. किती येतील ते मला परवा सांगा.' बस. मोर्चाला या, असं ती म्हणालीच नाही. आईनं दोन दिवस दारं ठोठावली. कुणाचा नवरा नको म्हणाला, कुणाचं मूल तापलं होतं. परवा ती बाई खरंच आली आणि तिनं आकडा विचारला. आई म्हणाली, सात. आल्या पाच. त्या दोन का आल्या नाहीत, यावर आईनं त्या बाईशी पाऊण तास चर्चा केली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. आईला इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मजला एकच, आकडा एकच, आणि विचारायला परत येणारं माणूस. नेतृत्वविकास म्हणून जे काही असतं, ते मी त्या जिन्यात पाहिलंय. त्याला बीजभाषण लागलं नाही.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांच्या त्या सभेत सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोक. सभा बड्या लोकांचीच होती, सरदार, इनामदार, सावकार, शिकलेले, बायका नव्हत्याच. ते राहू द्या बाजूला. पण पन्नास जणांनी 'हा आमच्या वतीनं बोलेल' असं लिहून दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा नियम मला फार आवडतो. आपल्या समितीत आज एकवीसजण आहोत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपली पन्नास नावं लिहून आणावीत. संघटनेच्या रजिस्टरातून उतरवलेली नकोत, आपण ज्यांना मागच्या महिन्यात खरंच भेटलो ती. मी करून पाहिलं. माझी तेवीस झाली.

आणि वयाचं म्हणाल तर महाडची परिषद आठवा. मार्च १९२७, चवदार तळं. बाबासाहेबांचं भाषण, तळ्याकडे निघालेले लोक, हे आपण दरवर्षी सांगतो. ती परिषद महाडला व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते, त्यांचं वय तेव्हा चोवीसच्या आसपास. आपल्या शिबिरात त्यांना आभार मानायला बोलावलं असतं.

गुडघा बरा झाल्यावर आम्ही काय केलं ते सांगते. सगळं जमलं असं नाही.

पहिली गोष्ट वेळ. आमची बैठक रविवारी सकाळी असायची, कारण मला आणि ज्यांच्या घरी बैठक व्हायची त्या बाईंना तेव्हा सोयीचं. रविवारी सकाळी घरकामगार बाईला सगळ्यात जास्त काम असतं, कारण मालकीण घरी असते. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. आता दुपारी अडीच ते चार. सकाळची कामं उरकलेली असतात, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. अडीचला सुरू म्हणजे अडीचला. तीन माणसं असली तरी. पहिल्या दोन महिन्यांत खरंच तीनच होती. चारला बंद म्हणजे बंद, मग माझं वाक्य अर्धं राहिलं तरी. लोकांनी याचाच जास्त विश्वास धरला. बैठक संपणार आहे हे माहीत असलं की माणूस यायला तयार होतो.

दुसरी गोष्ट क्रम. आधी 'मागची कामं'. मागच्या वेळी कुणी काय अंगावर घेतलं होतं, झालं का, नसेल तर कुठं अडलं. परिस्थितीचा आढावा वगैरे शेवटी, वेळ उरला तर. गेल्या तीन वर्षांत वेळ फारसा उरलेला नाही आणि परिस्थितीचंही त्यावाचून काही अडलं नाही. आणि ठराव लिहिताना तीन रकाने: काम, नाव, तारीख. नाव नसेल तर ठराव झाला नाही असं धरायचं. 'आपण सगळ्यांनी करूया' हे वाक्य आम्ही बंद केलं. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, आणि शेवटी चिटणिसाचं.

इथं मला बचतगटांबद्दल बोलायचंय. आपल्यातले काही जण नाक मुरडतात, बचतगट म्हणजे पापड-लोणची, त्यात चळवळ नाही म्हणून. अहो, बैठक घ्यायला त्यांच्याकडून शिका. 'उमेद'च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांची पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. गोल बसतात, हजेरी घेतात, मागचं वाचतात, पैसे सगळ्यांसमोर मोजतात. दहा-बारा बायका तासाभरात मोकळ्या. त्यांचं जमतं कारण सतरंजीवर दर वेळी खरं काहीतरी ठेवलेलं असतं. आपल्या बैठकीत न जाणाऱ्याचं काय बुडतं? काहीच नाही. म्हणून तो जात नाही.

पण झटपट म्हणजे चांगली, असंही नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. त्यांच्या ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एक माणूस जरी अडला तरी थांबतात, पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. कितीदाही. आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट. तिथं माहिती घ्यायची, प्रश्न काढायचे, बाहेरचा जाणकार बोलावला तर त्यानं माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही. गावाचे पुढारी देवाजी तोफा तिथलेच. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून गेलेले, आणि गावाचा पुढारी न होता वर्षानुवर्षं गावासोबत राहिलेले. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं, सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर. पुढे बांबू विकायला वाहतुकीचे पास कुणी द्यायचे यावरून वनखात्याशी झगडा झाला, आणि २०११ साली केंद्रातले मंत्री जयराम रमेश गावात आले, पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ग्रामसभेच्या हाती, हे लक्षात घ्या.

आपण मात्र अभ्यास आणि निर्णय यांची खिचडी करतो. बैठकीत एकजण अर्धा तास माहिती देतो, ती संपते तिथंच निर्णयही सुचवून टाकतो, आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा वेगळं बसतो, फक्त समजून घ्यायला. तिथं ठराव करायला बंदी. गंमत म्हणजे बायका त्यालाच जास्त येतात. ठराव करायचा नसला की प्रश्न विचारायची भीती वाटत नाही.

आता ती कचेरीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

घरेलू कामगार मंडळाच्या नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी जिथं काम करतो तिथल्या मालकिणीचं प्रमाणपत्र हवं, आणि मालकिणी सही द्यायला घाबरतात. उद्या ही आपल्यावर हक्क सांगेल म्हणून. त्याबद्दल एका सरकारी कचेरीत निवेदन द्यायचं होतं. आजवर मी जायचे. या वेळी ठरलं की एका वस्तीच्या प्रमुखबाई दोघींना घेऊन जातील. चौथी शिकलेल्या, पाच घरची भांडी, वस्तीत कुणाचं भांडण झालं तर आधी यांच्या दारात लोक येतात. मी बरोबर गेले, पण कचेरीत गेले नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. तुम्हाला सांगते, तो अर्धा तास ऑपरेशनपेक्षा जड गेला. तीनदा उठले, तीनदा बसले. टपरीवाला म्हणाला, 'मावशी, आत कुणी ॲडमिट आहे का?'

त्या बाहेर आल्या त्या रागानं थरथरत. साहेब म्हणाले होते, 'तुमच्या मॅडम कुठायत? त्यांना पाठवा, त्यांना सगळं माहीत असतं.' आणि प्रमुखबाई 'बरं' म्हणून बाहेर आल्या होत्या. निवेदन पिशवीतच.

तोंडावर आलेलं वाक्य मी चहाबरोबर गिळलं. चहा झाल्यावर तीन गोष्टी विचारल्या. काय मागायला गेलो होतो? काय मिळालं? आता काय? बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'मी कागद काढलाच नाही. त्यांनी मॅडम म्हटलं आणि मलाबी वाटलं, खरंच की, हे मॅडमचंच काम.' त्या माणसाचा मला राग येत होता, पण त्याला ते शिकवलं कुणी? एवढी वर्षं एकटी जाऊन मीच.

पुढच्या आठवड्यात वस्तीत तालीम झाली. एक जाडजूड बाई साहेब झाल्या. खुर्चीत रेलून, चष्मा नाकावर आणून त्यांनी अशी काही मग्रुरी केली की हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरोघरच्या मालकांचा अभ्यास होता तो. मग चौदाजणी गेल्या. साहेब पुन्हा मॅडमचं बोलले. प्रमुखबाई म्हणाल्या, 'मॅडमला गुडघा हाय. तुम्ही पोच द्या.' आवकचा शिक्का मारून पोच घेतली. त्या पोचेची झेरॉक्स त्यांच्या घरात देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवलेली आहे. प्रमाणपत्राचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हेही सांगून टाकते. पण आता त्या कचेरीत मला कुणी ओळखत नाही. नवा शिपाई परवा मला म्हणाला, 'तुम्ही कोण?'

फसलेलंही सांगते. एका तरुण मुलाला आम्ही वर्गणीचं काम दिलं. हुशार, उत्साही. सगळं त्याच्यावर सोपवलं आणि 'विश्वास टाकला' म्हणून स्वतःवर खूश झालो. सहा महिन्यांनी हिशेब मागितला तर पैसे नव्हते. बहिणीच्या बाळंतपणात दवाखान्याला भरले होते, परत ठेवणार होता. चोर नव्हता तो. पण त्याला एकट्याला पैशाशी सोडून देणाऱ्या आम्ही त्याचं भलं केलं नाही. दोन सह्या नाहीत, महिन्याचं वाचन नाही, नुसता विश्वास. तो मुलगा पुन्हा आला नाही, लाजेनं. तो माझ्या हिशेबात नावे बाजूला मांडलेला आहे. तेव्हापासून काम दिलं की जोडीनं देतो आणि दर बैठकीला पैशाचं वाचन होतं, पाच रुपयांचं असलं तरी.

माणूस कुठला निवडायचा, हे तुम्ही दर वेळी विचारता. आपली खोड अशी की जो चांगला बोलतो त्याला पुढे करायचं. मग तो बोलतच राहतो. मी आता दाराबाहेरच्या चपला बघते. वस्तीत संध्याकाळी फिरा. कुणाच्या उंबऱ्याबाहेर चार परक्या चपला दिसतात ते पाहा. नळ गेला, पोरगं पळालं, दाखला हवा, की लोक कुणाकडे जातात? ती बाई बहुधा बैठकीत शेवटच्या ओळीत, दाराजवळ बसलेली असते आणि तिला आपण आजवर एकदाही बोलतं केलेलं नसतं. दुसरं, जी बाई तुमच्याशी वाद घालते तिला धरा. आमच्याकडची सगळ्यात भांडकुदळ बाई आज आमचा हिशेब तपासते. देवळाच्या हुंडीला नसेल इतकी राखण आहे आमच्या पेटीला.

आणि काम संपणारं द्या. 'तू आजपासून युवा आघाडीचा तालुका संघटक' असं पद दिलं की पोरगं फोटो काढतं, दोन महिन्यांनी दमतं आणि तिसऱ्या महिन्यात फोन उचलत नाही. त्यापेक्षा 'या बारा आजींची नावं, शुक्रवारपर्यंत' हे बरं. शुक्रवारी झालं की झालं. मग तो स्वतःच विचारतो, आता काय.

व्हॉट्सॲपबद्दल एकच. सभेची सूचना फुलांच्या आणि सुविचारांच्या ढिगात टाकून 'सगळ्यांना कळवलं होतं' म्हणू नका. फोन करा.

तुमच्यातल्या एका ज्येष्ठांनी मला मागे ऐकवलं होतं, 'असं सगळं त्यांच्यावर सोडलं तर संघटनेची दिशा जाईल.' भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण २०१३ साली २० ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, म्हणजे अंनिसचे, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं मंजूर केला, आणि अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव कार्यक्रम करतच राहिले, कारण माणसं शाखांमध्ये तयार झालेली होती. माझ्या संघटनेला गोळी लागत नाही हो, नुसता गुडघा पुरला.

तर शिबिराचं असं करा. नऊ भाषणं रद्द, त्यात पहिलं माझं. दोन दिवस मुलांना आपल्या खऱ्या बैठका चालवायला द्या. आपली समितीची बैठकही त्यातच घ्या. अध्यक्षस्थानी पस्तिशीच्या आतलं कुणी. आपण सगळे मागच्या ओळीत बसू. बोलायचं असेल तर हात वर करायचा, आणि एकदा बोललेल्यानं बाकीचे बोलेपर्यंत थांबायचं. चुकतील. विषय राहतील, वेळ चुकेल, कुणी रडेल. आपण मध्ये पडायचं नाही. संध्याकाळी त्यांनी तीन प्रश्न विचारायचे, टपरीवरचे. येण्याजाण्याचं भाडं आधी द्या, नंतर पावती मागून नव्हे. आणि लहान मुलं सांभाळायला एक खोली ठेवा, तिथं दोन्ही दिवस आपल्यातल्या पुरुष ज्येष्ठांनी पाळीपाळीनं बसावं. हे गमतीनं लिहिलेलं नाही.

रेशनच्या यादीतल्या एकोणीस आजींपैकी सोळाजणींना धान्य सुरू झालं. त्या मुलीनं आमच्या अडीचच्या बैठकीत ते काम मागून घेतलं, आणखी एकीला जोडीला घेतलं आणि तहसीलला चार खेटे घातले. समितीच्या वहीत ते अजून 'योग्य ती कार्यवाही' म्हणूनच आहे. दुरुस्त करून घ्या.

आमची वही, शिक्का आणि डायरी मी जूनच्या बैठकीत देऊन टाकते आहे. कुणाला, ते बैठक ठरवेल. कृपा करून मला फोन करून 'ताई, तुमच्या मनात कोण आहे' असं विचारू नका. माझ्या मनात आहे, म्हणूनच सांगणार नाही.

आपली,
एक चिटणीस (जूनपर्यंत)

ता. क. : आपल्या प्रत्येक सभेच्या सूचनेत खाली एक वाक्य छापलेलं असतं, 'कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही.' सोसायट्यांच्या सूचनेतही तेच. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जी संख्या कमी असेल ती लागते, आणि तीही तहकूब झाली की पुढच्या सभेला ती अट राहत नाही. कायद्यानं सोय म्हणून ठेवलंय, मान्य. पण माणसं येणार नाहीत हे आपण बोलावतानाच लिहून देतो. या वेळच्या सूचनेत ते वाक्य छापू नका. कोरम भरला नाही तर सभा घेऊ नका. दारं ठोठवायला जा.